रायन डे : आयत्या बिळावरचा नागोबा की कसलेला कोच?

निळामका (२५ जानेवारी २०२५)

विषय अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा, ओहायो स्टेटचा कोच रायन डे. आधीच सांगून ठेवतो, मी त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या, मिशिगनच्या बाजूचा. खालचं सगळं त्या हिशोबाने वाचा.

२० जानेवारीला अटलांटात ओहायो स्टेटने नोटर डेमला ३४-२३ हरवलं आणि १२ संघांच्या पहिल्यावहिल्या प्लेऑफचं विजेतेपद नेलं. आता जिकडेतिकडे रायन डेच्या आरत्या चालू आहेत. हाच माणूस ३० नोव्हेंबरला कोलंबसमध्ये, स्वतःच्या मैदानावर, आमच्या ६-५ च्या संघाकडून १३-१० हरला होता. सट्टेबाजांनी ओहायो स्टेटला जवळपास २० गुणांनी वरचढ धरलं होतं. त्या रात्री त्याला हाकला म्हणणारे आणि आज त्याचा पुतळा मागणारे लोक तेच आहेत.

माझा मुद्दा असा. २०१८ च्या शेवटी आधीचा कोच अर्बन मायर गेला तेव्हा ओहायो स्टेटमधला त्याचा हिशोब ८३-९ (८३ विजय, ९ हार) होता, मिशिगनविरुद्ध ७-०. डेला हे सगळं आयतं मिळालं. २०२१ मध्ये जिंकल्यावर मिशिगनचा तेव्हाचा कोच जिम हार्बॉनेही बेसबॉलच्या भाषेत हाच टोमणा मारला होता, की काही जण जन्मतः तिसऱ्या बेसवर उभे असतात आणि आपणच ट्रिपल (तिसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारल्याच्या थाटात वावरतात. त्यात २०२४ च्या संघावर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाले, हे त्यांच्याच अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने सांगितलंय. अलाबामातून सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) केलेब डाउन्स आणि सेंटर सेथ मॅकलॉफलिन, ओले मिसमधून क्विनशॉन जडकिन्स, कॅन्सस स्टेटमधून क्यूबी (क्वार्टरबॅक, पास फेकणारा) विल हॉवर्ड. एवढं सामान घरात आल्यावर कोचने वेगळं काय केलं?

जाणकारांनी मुद्द्याला धरून सांगावं. "तुम्ही जळता" हे उत्तर मिळालेलं आहे, पुन्हा नको.

बकायबाबा

तुम्ही जळता.

(आता मुद्द्याचं, थोड्या वेळाने. लिहितोय.)

अटकमटक

फुटबॉल म्हणजे तो हातात धरून पळायचा ना? मग यात कोचचं एवढं काय असतं? आपल्याकडे तर कोच बाउंड्रीबाहेर टॉवेल घेऊन बसतो.

शनिवारवाडा_ओहायो

@अटकमटक, क्रिकेटमध्ये मैदानावरचे निर्णय कप्तान घेतो. इथे कोच घेतो, आणि एका सामन्यात साधारण ६० ते ७५ वेळा. प्रत्येक चाल बाहेरून जाते. ४० सेकंदांचं घड्याळ असतं. तेवढ्यात कोणते ११ गडी आत, ते कसे उभे राहणार, धावायचं की पास, कोणत्या बाजूला, हे ठरवून आत कळवायचं. २०२४ पासून कॉलेजमध्ये ऑफेन्सच्या एका आणि डिफेन्सच्या एका गड्याच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आला. घड्याळात १५ सेकंद उरले, किंवा चेंडू त्याआधीच स्नॅप झाला (मागे देऊन चाल सुरू झाली), की तो बंद. पुढचं खेळाडूने स्वतःच्या डोक्याने निभवायचं.

म्हणजे टॉवेल नाही, रिमोट असतो. पण अर्ध्या मिनिटाचा.

बकायबाबा

हं, आता घ्या.

१) "आयतं" हा शब्द २०१९ साठी ठीक आहे. तेव्हाही जस्टिन फील्ड्स जॉर्जियातून आला तो डे कोच झाल्यावर. पण २०२४ मध्ये मायर जाऊन सहा वर्षं झाली होती. कॉलेजमधला मुलगा चार, फार तर पाच हंगाम टिकतो. जेरेमाया स्मिथ, एमेका एग्बुका, ट्रेव्हियन हेंडरसन, जॅक सॉयर, जे. टी. तुइमोलोआउ, डेन्झेल बर्क, ही सगळी डेने आणलेली पोरं. मुख्य संघात मायरच्या हातचं जवळपास कोणी उरलं नव्हतं. बीळ मायरचं असेल, पण उंदीर यानेच धरलेत.

२) यातले सॉयर, तुइमोलोआउ, एग्बुका, हेंडरसन, बर्क २०२३ नंतर व्यावसायिक लीगला जाऊ शकत होते. एकही गेला नाही. पैसा होता, मान्य. पण पैसा तिकडेही आहेच की.

३) २०२४ मध्ये त्याने चाली सांगायचं काम सोडून दिलं. बिल ओब्रायनला आणलं, तो काही आठवड्यांत बॉस्टन कॉलेजला निघून गेला. मग चिप केली यूसीएलएचं मुख्य कोचपद सोडून डेच्या हाताखाली आला. हा केली म्हणजे न्यू हॅम्पशायरमध्ये डे स्वतः क्यूबी असताना त्याला शिकवणारा. ज्याच्याकडून शिकलो त्यालाच हाताखाली बोलावून आपल्या हातातलं काम त्याला देणं, हे अहंकारी माणसाला जमत नाही.

निळामका

@बकायबाबा, तिसरा मुद्दा तर माझ्याच बाजूने जातो. ऑफेन्स केलीचा. डिफेन्स जिम नोल्सचा, तोही ओक्लाहोमा स्टेटमधून आणलेला. मग डे काय करत होता, आरती?

आकडेशास्त्री

श्रेय मोजायचं तर आधी एकूण हिशोबातून फुकटचे विजय वजा करा. डे आजवर ७०-१०. दिसायला डोळे दिपतात. पण यातले बहुतेक सामने असे, जिथे ओहायो स्टेटचा दुसऱ्या फळीचा गडीसुद्धा समोरच्या संघात पहिल्या फळीत खेळला असता. तिथे कोणीही चांगला कोच ९० टक्के जिंकेल. म्हणून फक्त तोडीस तोड संघाविरुद्धचे आणि हरल्यावर जिथे परिणाम भोगावा लागतो असे सामने घ्या. एकेक ओळीत :

२०१९, क्लेमसन, हार २३-२९.
२०२०, क्लेमसन, विजय ४९-२८. नंतर अलाबामा, हार २४-५२.
२०२१, मिशिगन, हार २७-४२.
२०२२, मिशिगन, हार २३-४५. जॉर्जिया, हार ४१-४२.
२०२३, मिशिगन, हार २४-३०.
२०२४, ऑरेगॉन, हार ३१-३२. मिशिगन, हार १०-१३. मग टेनेसी ४२-१७, ऑरेगॉन ४१-२१, टेक्सस २८-१४, नोटर डेम ३४-२३, चारही विजय.

डिसेंबर २०२४ च्या आधी या यादीत एक विजय. नंतर सलग चार. मग प्रश्न "चांगला की वाईट" असा राहत नाही. ३० नोव्हेंबर आणि २१ डिसेंबर यांच्या मधल्या तीन आठवड्यांत काय बदललं, एवढाच राहतो. गडी तेच होते. पैसेही तेच.

शनिवारवाडा_ओहायो

आकडेशास्त्रींना अनुमोदन. २०२३ चा नोटर डेम १७-१४ यादीत घेतला नाहीत तेही बरंच केलंत. शेवटच्या दोन चालींत नोटर डेमचे मैदानावर दहाच गडी होते, अकरावा बाहेर. एक सेकंद उरला असताना ओहायो स्टेटचा टचडाउन (शेवटच्या रेषेपार चेंडू नेणं) झाला. ते श्रेय डेला द्यायचं तर शाळेत हजेरी घेणाऱ्या मास्तरांनाही द्यावं लागेल.

तालीमकर

काय ओ, आम्हाला वाटलं फुटबॉलचा धागा म्हणजे कोल्हापूरचं काहीतरी असणार. शाहू स्टेडियमवर पाटाकडील हरली की पेठेत कोच शोधायला माणसं फिरत्यात. २० गुणांनी वरचढ असून घरच्या मैदानावर हरला, आणि तरी नोकरीवर? लई सहनशील लोक राव तुमचे.

फील्डगोल_मावशी

तालीमकर, सहनशील कुठले. हरल्यावर मिशिगनने मैदानाच्या मधोमध झेंडा रोवण्यावरून हाणामारी झाली, पोलिसांना पेपर स्प्रे मारावा लागला.

मी त्या १३-१० मधलं नेमकं काय बिघडलं ते लिहिते, कारण तीन आठवड्यांत काय सुधारलं ते त्याशिवाय कळणार नाही.

ओहायो स्टेटची ऑफेन्सची लाइन (क्यूबीसमोर भिंत धरणारे पाच जण : मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल) त्या दिवशी मोडकी होती. डावा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्ये ऑरेगॉनला गुडघ्याने गेला. त्याच्या जागी आलेला बदली नेब्रास्काविरुद्ध जखमी झाला, म्हणून डावा गार्ड डॉनोव्हन जॅक्सन टॅकलवर सरकला. नोव्हेंबरच्या मध्यावर सेंटर मॅकलॉफलिनची टाच सरावात गेली, तिथे कार्सन हिन्झमन आला आणि गार्डवर ल्यूक माँटगोमेरी. म्हणजे डावा टॅकल, डावा गार्ड, सेंटर, तिन्ही जागी हंगामाच्या सुरुवातीचा माणूस नाही. आणि समोर मधोमध कोण, तर मेसन ग्रॅम आणि केनेथ ग्रँट. दोघेही दीडशे किलोच्या आसपासचे, आणि व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (निवडीत) पहिल्या फेरीत जातील असं सगळे म्हणतायत.

अशा वेळी चेंडू कुठे न्यायचा? बाहेर. मिशिगनचा सर्वोत्तम कॉर्नर (बाहेरचे पास अडवणारा) विल जॉन्सन तर खेळतच नव्हता. बाहेर पास झेलणारे स्मिथ आणि एग्बुका उभे. आणि यांनी काय केलं, २६ वेळा धावले, बरंचसं आत, मधोमध, आणि ७७ यार्ड मिळवले. एका धावेला तीन यार्डसुद्धा नाही. स्मिथच्या हातात अख्ख्या सामन्यात पाच पास, ३५ यार्ड. त्यात हॉवर्डचे दोन पास मिशिगनने पकडले आणि किकर जेडन फील्डिंगच्या दोन किक हुकल्या, एक ३८ यार्डची, एक ३४ ची. मध्यंतराला १०-१०, पुढच्या अख्ख्या अर्ध्यात ओहायो स्टेट शून्य.

किक हुकल्या हे किकरचं. पण "आम्ही दांडगे आहोत हे मिशिगनला दाखवायचंच" या हट्टापायी मधोमध डोकं आपटणं कोचचं. २०२१ मध्ये मिशिगनने धावून २९७ यार्ड काढले होते आणि ओहायो स्टेटला सगळे "नाजूक" म्हणू लागले होते. तो काटा तीन वर्षं रुतून होता.

निळामका

मावशी, साष्टांग. माझ्या बाजूने यापेक्षा चांगलं कोणी लिहू शकलं नसतं.

फील्डगोल_मावशी

थांबा, दुसरी बाजूही लिहिते आहे. पोळ्या झाल्या की.

तिसरी_बाजू

एक मिनिट. २०२१ ते २३ च्या हारांचा हिशोब मांडताना मिशिगनचा कर्मचारी कॉनर स्टॅलियन्स याला सगळे सोयीस्कर विसरले. पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांची तिकिटं काढून माणसं बसवायची, चाली कळवायला बाजूरेषेवरून करतात त्या खुणांचं चित्रण करवायचं. त्याच हंगामातल्या पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा सामना प्रत्यक्ष जाऊन टेहळायला १९९४ पासून बंदी आहे. आपल्या सामन्यात समोरच्याच्या खुणा ओळखणं चालतं, हे नाही. २०२२ ला समोरच्या डिफेन्सची चाल आधीच कळत असेल, तर तो डेचा पराभव कसा?

शनिवारवाडा_ओहायो

@तिसरी_बाजू, यातलं निम्मं पटतं. २०२२ चा सामना आठवा. मिशिगनचे पाच टचडाउन लांबून आले : कॉर्नेलियस जॉन्सनचे ६९ आणि ७५, कोल्स्टन लव्हलंडचा ४५, डॉनोव्हन एडवर्ड्सच्या धावा ७५ आणि ८५. मध्यंतराला ओहायो स्टेट २०-१७ पुढे होती, तिचा ४५-२३ झाला. नोल्स मागे सेफ्टी न ठेवता सगळे पुढे ढकलत होता. असा ब्लिट्झ येणार हे आधी कळलं तर नक्कीच मदत होते. पण मागे कोणीच नसताना पळणाऱ्याला पाडणं एकदा चुकलं की थेट टचडाउन, मग खूण चोरा नाहीतर नका चोरू. पहिल्या दोनदा मार बसल्यावरही तीच रचना चालू ठेवणं याला खुणाचोरी म्हणत नाहीत.

आणि २०२३ मध्ये सामन्याआधीच स्टॅलियन्स बाहेर पडला होता, हार्बॉ निलंबित होता, त्याचा सहाय्यक शेरॉन मूरने संघ चालवला. तरी ३०-२४. २०२४ ला हेल्मेटमध्ये रेडिओ, खुणांचा प्रश्न जवळपास मिटलेला. तरी १३-१०. चारातल्या दोन हारांवर फुली मारा हवं तर, दोन उरतातच.

बकायबाबा

२०२२ ची जॉर्जियाची ४१-४२ कोणी बोलत नाही. त्या वर्षीचा विजेता संघ, त्यांच्याच राज्यात, अटलांटात. मार्व्हिन हॅरिसन ज्युनिअर तिसऱ्या क्वार्टरमध्ये जखमी होऊन बाहेर. शेवटची ५० यार्डची किक हुकली म्हणून हार. ती आत गेली असती तर हा धागाच नसता.

आकडेशास्त्री

किक ५० यार्डची का मारावी लागली ते बघा. ओहायो स्टेटचा तेव्हाचा क्यूबी स्ट्राउडने स्वतः धावून २७ यार्ड काढले आणि चेंडू जॉर्जियाच्या ३१ वर आणला. पुढची चाल, हाताला चेंडू देऊन धाव, उणे एक यार्ड. मग दोन पास जमिनीवर. हाती टाइमआउट असताना पहिल्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार संधींतली पहिली) तिथे धावणं हा "किक सांभाळू" विचार होता. कॉलेजच्या किकरला ५० यार्ड म्हणजे नाणं उडवण्यासारखंच, दहा यार्ड जवळ गेलं की शक्यता बरीच वाढते.

त्याच सामन्यात ओहायो स्टेट पुढे असताना एक फसवी पंट (चेंडू लांब लाथाडून समोरच्याला द्यायचं सोंग) होती. चालही जमली, पण जॉर्जियाचा कोच कर्बी स्मार्टने स्नॅपच्या क्षणभर आधी टाइमआउट मागितला होता. तिथे डेची चाल उत्तम आणि स्मार्टची नजर त्याहून उत्तम. याला म्हणतात कोच विरुद्ध कोच.

शनिवारवाडा_ओहायो

तसंच ऑक्टोबर २०२४, ऑरेगॉन ३२-३१. शेवटचे १० सेकंद. ऑरेगॉनचा कोच डॅन लॅनिंगच्या संघाने डिफेन्सला बारा गडी उतरवले. दंड पाच यार्ड, पण चालीत चार सेकंद गेले, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे सेकंद परत मिळत नव्हते. उरलेल्या सहा सेकंदांत हॉवर्ड धावला, घसरला, घड्याळ शून्यावर. किक मारायला वेळच उरला नाही. काही दिवसांत नियमाचा अर्थ बदलला, आता ऑफेन्स घड्याळ मागे घेऊन मागू शकतो. श्रेय कोणाला द्यायचं याचं इतकं स्वच्छ उदाहरण सापडणार नाही, फक्त ते डेचं नाही.

विदर्भवीर

अवांतर आहे, पण राहवत नाही. कोचचं श्रेय म्हटलं की आमच्या चंद्रकांत पंडितांना घ्या. मुंबईला रणजी जिंकवली तेव्हा लोक म्हणायचे, मुंबई काय, कोणीही जिंकवेल. मग विदर्भात आले. २०१७-१८ ला पहिल्यांदा रणजी, इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीला हरवून, गुरबाणीची हॅटट्रिक. २०१८-१९ ला पुन्हा. मग २०२१-२२ ला मध्य प्रदेश. बीळ बदललं तरी साप निघतोच म्हटल्यावर लोकांनी तोंडं बंद केली. डेने एकदा कॅन्ससला जाऊन दाखवावं ना.

निळामका

@विदर्भवीर, पण तुमच्याकडे वासिम जाफर होता. २०१८-१९ ला हजारावर धावा. तो काय नागपुरात वाढलेला?

विदर्भवीर

तो आमचा ट्रान्स्फर पोर्टल (तिकडे त्यातूनच गडी कॉलेज बदलतात). ह. घ्या. पण बघा, जाफर पंडितांच्याही आधी आला होता आणि तेव्हा रणजी आली नव्हती.

आणि २०२४ च्या आयपीएलमध्ये केकेआरचे मुख्य कोच पंडितच, श्रेय नेलं मेंटॉर गंभीरने. तेव्हा केलीचं आणि डेचं भांडण आम्हाला नवं नाही.

अटकमटक

हा धागा वाचून मला आता टॅकल आणि गार्डमधला फरक कळला, हे भयंकर आहे.

फील्डगोल_मावशी

झाल्या पोळ्या. आता डिसेंबर.

टेनेसीविरुद्ध २१ डिसेंबरला, कडाक्याच्या थंडीत, लाइन तीच होती. हिन्झमन सेंटर, माँटगोमेरी गार्ड, जॅक्सन टॅकल. बदललं ते हे : पहिल्या चालीपासून चेंडू बाहेर आणि लांब. पहिल्या क्वार्टरमध्ये २१-०. हॉवर्ड २९ पैकी २४, ३११ यार्ड. स्मिथला सहा पास, १०३ यार्ड, दोन टचडाउन. पास आधी, धाव नंतर. समोरचे दोन सेफ्टी घाबरून मागे सरकले की मधोमध माणसं कमी होतात, आणि मग त्याच मोडक्या लाइनमागून हेंडरसन, जडकिन्स मोकळे पळतात. नोव्हेंबरला हेच उलट्या क्रमाने करायचा प्रयत्न होता.

ऑरेगॉनला रोझ बोलमध्ये ३४-०, मग कुठे त्यांचा पहिला गुण. स्मिथ सात पास, १८७ यार्ड. डिफेन्सने आठ सॅक (क्यूबीला पास फेकण्याआधीच पाडणं) काढले. ज्या ऑरेगॉनने ऑक्टोबरमध्ये यांना हरवलं होतं आणि जी तोवर अपराजित होती, तीच ही ऑरेगॉन.

टेक्ससला १४-१४ असताना, चौथ्या क्वार्टरमध्ये, फोर्थ अँड टू (चौथी म्हणजे शेवटची संधी, दोन यार्ड हवेत). किक नाही, पंट नाही. हॉवर्डला स्वतःला पळवलं, १८ यार्ड. त्याच मोहिमेत २१-१४. मग टेक्सस एक यार्डावर येऊन उभी, बाहेर टॉसची धाव, सात यार्ड मागे, आणि शेवटी सॉयरने क्यूबीच्या हातातून चेंडू उडवून ८३ यार्ड पळवला. सॉयरचं श्रेय सॉयरचं. फोर्थ अँड टूचं मात्र डेचं. चाल कोणाचीही असो, "जायचं" हे मुख्य कोच म्हणतो.

नोटर डेमला ३१-७ वरून ३१-२३ झालं. तेव्हा अडीच मिनिटांच्या आसपास उरलेली, थर्ड अँड इलेव्हन. घाबरट कोच तिथे धावतो, घड्याळ खातो, पंट करतो. यांनी स्मिथला एकास एक ठेवून लांब फेकला, ५६ यार्ड. वर फील्डिंगची ३३ यार्डची किक, जी नोव्हेंबरमध्ये हुकत होती. २०२२ मध्ये जॉर्जियासमोर ३१ यार्डवर धावणारा कोच आणि हा कोच एकच. माझ्या लेखी श्रेय आहे ते इथे.

आकडेशास्त्री

मावशींच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. फक्त एक भर. फरक पडायला नियमाचीही मदत झाली. चार संघांचा जुना प्लेऑफ असता तर दोन हारांचा, स्वतःच्या परिषदेच्या (गटाच्या) अंतिम सामन्यातही न पोचलेला संघ घरी बसला असता. तो आठव्या क्रमांकावरून आत आला. दुरुस्ती करायला संधी मिळणं हे नशीब, मिळालेल्या संधीत दुरुस्ती करणं हे काम.

निळामका

दुरुस्ती मान्य. पण हे गडी असताना ऑगस्टपासूनच असं का खेळवलं नाही? आधी आग लावायची आणि मग विझवल्याबद्दल शाल-श्रीफळ?

बकायबाबा

शाल-श्रीफळ मिळालं. ताजी बातमी : नवा करार, सात वर्षं, वर्षाला १ कोटी २५ लाख डॉलर. श्रीफळ सोन्याचं दिसतंय.

तिसरी_बाजू (२० फेब्रुवारी २०२५)

केली व्यावसायिक लीगमधल्या रेडर्सला गेला, नोल्स पेन स्टेटला. डिफेन्सला मॅट पॅट्रिशिया, ऑफेन्सला ब्रायन हार्टलाइन. हॉवर्ड, जडकिन्स, हेंडरसन, एग्बुका, सॉयर, सगळे गेले. श्रेय केलीचं आणि नोल्सचं होतं असं म्हणणाऱ्यांनी आता नोव्हेंबरपर्यंत थांबावं. उत्तर आपोआप मिळेल.

तालीमकर

जॉन कूपरचं काय झालं होतं म्हणे?

शनिवारवाडा_ओहायो

१९८८ ते २००० ओहायो स्टेटचा कोच. एकूण १११-४३-४, मिशिगनविरुद्ध २-१०-१. घालवला. कोलंबसमध्ये मिशिगनला हरवलं की खेळाडूला सोन्याच्या छोट्या चड्डीचं पदक देतात, १९३४ पासूनची प्रथा. त्या आठवड्यात विद्यापीठातल्या पाट्यांवरच्या "एम" (मिशिगनचा एम) अक्षरांवर लाल पट्ट्या मारतात. तिथे बाकी काहीही जिंका, हा एक हिशोब वेगळ्या वहीत असतो.

अटकमटक

मग तिथल्या मराठी मंडळाने त्या आठवड्यात पाटीचं काय करायचं? दोन दोन एम!

फील्डगोल_मावशी

देवनागरीत लावायची. म्हणूनच तर.

तिसरी_बाजू (१७ ऑगस्ट २०२५)

धागा वर काढतोय. खुणाचोरीचा निकाल आला. मिशिगनला दंड, एकूण २ कोटी डॉलरच्या वर जाईल असा अंदाज. हार्बॉला दहा वर्षांची बंदीसदृश अट, मूरला आणखी एका सामन्याचं निलंबन. विजय रद्द नाहीत.

निळामका

विजय रद्द नाहीत. धन्यवाद. धागा खाली जाऊ द्या.

बकायबाबा (३० नोव्हेंबर २०२५)

खाली जाऊ द्या? बरं. काल, अ‍ॅन आर्बरमध्ये, बर्फात : ओहायो स्टेट २७, मिशिगन ९. हंगाम १२-०. केली नाही, नोल्स नाही, हॉवर्ड नाही. डे आहे.

निळामका

अभिनंदन. खरंच. आणि तरी माझा मूळ प्रश्न उभाच आहे. क्यूबी ज्युलियन सेयन अलाबामातून आलेला, स्मिथ आणि डाउन्स अजून तिथेच. मिशिगनचा क्यूबी पहिल्या वर्षाचा पोरगा. सामानात फरक होताच.

फील्डगोल_मावशी

निळामका, सामनाच बघा ना. आमच्या किकरने दोन किक मारून आपण ६-० पुढे होतो आणि सेयनचा एक पास आपल्या हातात आलेला. २०२४ चा कोच इथे बिथरून मधोमध आपटत बसला असता. काल फोर्थ अँड फाइव्हला स्मिथकडे लांब फेकला, टचडाउन. मग धाव आणि पास मिसळून शांतपणे घड्याळ खाल्लं. पॅट्रिशियाच्या डिफेन्सने एकही टचडाउन दिला नाही.

बकायबाबा

मावशी, "आमच्या किकरने"? तुम्ही मिशिगनच्या?

फील्डगोल_मावशी

कोणी विचारलंच नाही.

आकडेशास्त्री

😀

आता तुलनेला खरा माणूस समोर आलाय. इंडियाना २०२३ मध्ये ३-९. कर्ट सिग्नेटी आला, जेम्स मॅडिसनमधून तेरा पोरं बरोबर घेऊन, आणि पहिल्याच वर्षी ११-२. यंदा १२-०. आयतं बीळ सोडा, तिथे खणायला जमीनसुद्धा नव्हती. ६ डिसेंबरला इंडियानापोलिसमध्ये दोघे समोरासमोर, पहिला आणि दुसरा क्रमांक.

विदर्भवीर

म्हणजे सिग्नेटी आमचे पंडित. माझं मत तिकडे.

निळामका

माझंही. कारणं वेगळी आहेत, पण माझंही.